थंडीत बास झोपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या बास माशाच्या गळाच्या मासेमारीवरचा लेख मी दोनदा वाचला. ‘हिवाळ्यात बास तळाशी झोपतो, तेव्हा गळ टाकणे व्यर्थ’ हे त्यातलं वाक्य मात्र पटलं नाही. बावीस वर्षं मी जॉर्जियात आहे आणि अटलांटाच्या उत्तरेला लेक लेनियरवर दर जानेवारीत गरवायला जातो.

बासच्या अंगाची ऊब पाण्याइतकीच. पाणी आठ-नऊ अंशांवर आलं की त्याचं पचन मंदावतं, भक्ष्यामागे धावणं त्याला परवडत नाही. पण तो खातो. उन्हाळ्यात या तलावाच्या खोल पाण्यात प्राणवायू कमी पडतो. थंडीत वरचं-खालचं पाणी एक होतं, शॅड नावाची बारीक मासळी खोलात उतरते आणि तिच्यामागून बास. फार गारठा शॅडला सोसत नाही. ती तडफडते, थांबते, पुन्हा एखादा झटका देते. जर्कबेट हे मासळीसारखं दिसणारं नकली आमिष अगदी तसंच चालवायचं. दोन हलके झटके, मग मनात वीसपर्यंत आकडे. बहुतेकांचा धीर पाचावरच सुटतो.

परवा सकाळी रॉडच्या कड्यांत बर्फ धरत होता. दर तीन-चार फेकींनी टोक पाण्यात बुडवून तो काढत होतो. दुपारपर्यंत काही नाही. मग उन्हाने तापलेल्या दगडी काठाशी आमिष टाकलं. अठरा म्हटलं आणि तंगूस जराशी बाजूला सरकली. ओढ नाही, हिसका नाही. ओलं फडकं अडकावं तसा नुसता जडपणा. दीड किलोचा स्पॉटेड बास निघाला. देवबागला कर्लीच्या खाडीवर बाबा म्हणायचे, “हात हलवू नको, मासोच तुका सांगतलो.” ते इथे रोज आठवतं.

लेखासोबतच्या, मासा हातात धरून काढलेल्या फोटोबद्दलही लिहायलाच हवं. मासा सोडून द्यायचा असेल तर शून्याखालच्या हवेत त्याला धरून उभं राहू नये. कल्ल्यांचे नाजूक तंतू गोठतात. तीस फुटांखालून ओढलेल्या माशाची पोटातली हवेची पिशवी फुगते, सोडला तरी तो आडवा तरंगत राहतो. म्हणून त्याहून खोल मी आमिष सोडतच नाही. आणि होडीत एकटे असाल तर लाइफ जॅकेट अंगातच हवं. असल्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, थोड्याच वेळात बोटं होडीची कड धरू शकत नाहीत. आपली कितीतरी मुलं इथे नव्याने हा छंद धरतात. त्यांच्यासाठी एवढं तरी छापावं.

लेखात बासला ‘जिताडा’ म्हटलं आहे, तेही दुरुस्त व्हावं. जिताडा आपल्या खाडीचा. हा गोड्या पाण्यातला, वेगळ्या कुळातला मासा आहे.

आपला एक वाचक,
गेन्सव्हिल, जॉर्जिया
(मूळ गाव देवबाग, ता. मालवण)