चि. मुग्धास

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

बाळाच्या सोनोग्राफीचं विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे. काल फोनवर तू चिडलीस ते मला लागलं नाही. आप्पांचं पथ्यपाणी नसतं तर मी तिथून हललेच नसते.

दिवस भरायच्या अकरा आठवडे आधीच सुरू झालेल्या कळा थांबेनात तेव्हा तुला मॅग्नेशियम लावलं होतं. अंगाची आग होतेय म्हणत तू माझं मनगट असं आवळलंस, की बांगडी रुतली. ते सगळं बाळाच्या मेंदूसाठी होतं. स्टिरॉइडची इंजेक्शनंही वेळेत मिळाली. मेंदूत रक्तस्राव झालाच तर बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांत होतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आणि ते दिवस तर सरले. मग पुन्हा टाळूवरून सोनोग्राफी कशाला? बघ, विचारलंच. नेहमीची तपासणी असेल, मला कळतं. तरी रात्री झोप येत नाही.

कांगारूसारखं बाळाला छातीशी धरायला सांगतात, त्याला घाबरू नकोस. नळ्या नर्स सांभाळतील, तू फक्त तिला उघड्या छातीवर घे आणि घाईने खाली ठेवू नकोस. तू थकलीस की निशांतरावांनी घ्यावं, बापाची छातीही तितकीच उबदार असते. बाळाच्या उबेच्या पेटीवर बाटली, मोबाईल काही ठेवू नका, आत तो आवाज फार मोठा होतो. दूध रात्रीही काढायचं, थेंबभर निघालं तरी. काही आठवड्यांनी झोळीत गुंडाळून... जाऊ दे, मी पुन्हा शाळा घ्यायला लागले. तुला तिथे सगळं सांगतातच, रागावू नकोस.

दादा आठव्या महिन्यात झाला तेव्हा मला त्याला काचेतूनच दाखवायचे. हात लावू द्यायचे नाहीत. दूध उतरून पदर भिजायचा आणि मी भिंतीला टेकून उभी. तू मात्र अंगावर टाके असताना चौथ्या दिवशी त्या पिल्लाला कुशीत घेतलंस! वन्संना मी हे तीनदा सांगितलं.

पुढे त्याच विचारतील, मान धरली का, बसते का. तेव्हा तिच्या वयातून अकरा आठवडे वजा करून सांग, आणि ऐकवायची पाळी आली तर माझं नाव सांग. डोळ्यांची आणि कानांची तपासणी मात्र चुकवायची नाही.

डिंकाचे लाडू निशांतरावांच्या मित्राबरोबर पाठवतेय. रिपोर्ट आला की फोन कर, मध्यरात्र असली तरी.

तुझी आई