गुड्डीस, परवाच्या फोननंतर

प्रिय गुड्डी,

परवा फोनवर तू ते लॅबमधलं, तुझ्या प्रश्नाला अख्खी बॅच हसली ते, सांगितलंस आणि हसलीस, मी पण हसले, आजी तर डोळ्याला पदर लावून हसली, आणि फोन ठेवल्यावर मला काही सुचेना. रात्री ओटा पुसताना तेच डोक्यात, सकाळी दळण टाकायला गेले तरी तेच. परत फोन केला असता तर "मम्मी तू उगाच टेन्शन घेऊन राहिली" म्हणून तू विषय बदलला असतास, म्हणून टाइप करतेय. लांबलं तर दोनदा बसून वाच पण वाच.

आधी एक सांगते, तुझ्या रूममधल्या त्या तिघी मला खूप आवडतात. गडहिंग्लजची तर माझ्या माहेरचीच, ती "मी आलो", "मी जेवलो" म्हणते तेव्हा मला माझी धाकटी बहीण बोलल्यासारखं वाटतं. तुमचं ते सांबाराचं मी इथं सगळ्यांना सांगितलं. तू पुण्यातल्या भाजीवाल्याला दहा रुपयांचा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, मागितलास आणि त्याने तुला समोरचं इडलीचं हॉटेल दाखवलं, आणि आता तुमच्या रूममध्ये कोथिंबीर, पालक, मेथी सगळ्या हिरव्याला सांबारच म्हणतात! सदाशिव पेठेतली तुला दर वेळी "सामान मिळतं गं, माणसं भेटतात" असं सांगते आणि तू मुद्दाम "मला आज पनीर भेटलं, बरं होतं, तुला नमस्कार सांगितलाय" म्हणतेस, हे ऐकून तुझे बाबा दुकानात एकटेच हसत बसले होते म्हणे. आणि ठाण्याचीला रिक्षावाल्याने एकोणऐंशी मागितले आणि तिने एकोणनव्वद काढून दिले, तेव्हापासून तू रोज रात्री वेणी घालताना तिच्याकडून एकोणतीस एकोणचाळीस पाठ करून घेतेस, हे मला लईच आवडलं. कोणाला शिकवायचं आणि ते पण त्याला कमीपणा न वाटू देता, हे तुला आजीकडून आलंय.

म्हणजे मैत्रिणींनी चिडवू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. चिडवल्याशिवाय मैत्रीण कसली.

पण तू सरांना विचारलंस "सर, हे असं काऊन होऊन राहिलं?" आणि अख्खी बॅच हसली, सर पण हसले, "नंतर बघू" म्हणाले आणि ते नंतर काही आलंच नाही. मग तुमच्या ग्रुपचा तो डायलॉगच झाला. होस्टेलचं पाणी गेलं, काऊन होऊन राहिलं. मेसची भाजी खारट, काऊन होऊन राहिलं. इथपर्यंत ठीक आहे गं, गंमतच आहे. पण बोलता बोलता तू सहज म्हणालीस की "तेव्हापासून मी काही विचारतच नाही, गुगल करून घेते", आणि लगेच मेसचं सांगायला लागलीस. तिथंच माझं अडकलंय. खरं सांग, वर्गात हात वर करतेस का?

तुझा प्रश्न काय होता ते मला नीट कळलं नव्हतं म्हणून बाबांना विचारलं. म्हटलं ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला काहीच जोडलेलं नव्हतं तरी प्रायमरीच्या मीटरचा काटा थोडा हलला, असं काहीतरी म्हणत होती. तर हातातली वायर खाली ठेवून म्हणाले, "पोरीनं नेमकं धरलं." लोड नसला तरी आतल्या लोखंडाला चुंबक करून ठेवायला थोडा करंट लागतोच, म्हणून तर रात्री सगळ्यांच्या मोटारी बंद असल्या तरी वावरातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच तो, गुणगुणत राहते. लाईन सेकंदाला ५० सायकलची, पण लोखंड सेकंदाला १०० वेळा ताणतं आणि सैल होतं, तो तो आवाज. आपल्या शांताआत्याच्या संत्र्याच्या बागेतून रात्री येताना तू लहानपणी कान लावून ऐकायचीस आणि विचारायचीस की ही डीपी झोपत नाही का. तोच प्रश्न आहे हा, गुड्डे! तेव्हा कोणी हसलं नव्हतं, म्हणून तू पुढचा विचारलास आणि त्याच्या पुढचा विचारलास. आठवीत बाबांच्या मोटार-वाइंडिंगच्या दुकानात बसून तांब्याच्या तारेचे वेढे मोजायचीस, मध्ये कोणी बोललं की चिडायचीस, वार्निशचा वास तुझ्या दप्तराला यायचा आणि त्या शाळेतल्या बाईंनी मला बोलावून विचारलं होतं की मुलगी नक्की काय काम करते. मी सांगितलं, शिकते.

असो. विषय तो नव्हता.

मी लग्न होऊन परतवाड्याला आले तेव्हाचं तुला माहीत आहे, पण अर्धंच. पहिल्याच दिवशी आजींनी विचारलं जेवली का, मी म्हटलं "जेवलो". झालं, शेजारच्या सगळ्या गोळा केल्या, "सूनबाई जेवलो म्हन्ते वं माय!" माझे कान लाल. पण हसून झाल्यावर आजी माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या अजून बोल वं, तुझ्या माहेरी आणखी काय काय म्हणतात. रोज रात्री बोलायला लावायच्या. आणि दुसऱ्या एक जण होत्या, नाव लिहीत नाही, तुला कळलं, त्या हसायच्या आणि तोंड फिरवून निघून जायच्या. आजींसमोर माझं तोंड उघडत गेलं आणि त्यांच्यासमोर बंद होत गेलं. तुझ्या त्या तिघी आजींसारख्या आहेत, हे मला फोनवरून पण कळतं. वर्गातलं मला दिसत नाही म्हणून जीव लागून राहतो.

मग बचत गटाच्या मीटिंगमध्ये एक ताई हिशोब वाचून दाखवत होत्या, मी उठून म्हटलं "मी सांगतो ताई, यात व्याज दोनदा धरलंय". हशा. मी उभीच राहिले. हसून झालं, वही परत उघडली, घोळ निघाला. पुढच्या महिन्यापासून वही माझ्याकडे आली ती अजून आहे. मला त्या दिवशीची साडीसुद्धा आठवते, ती जांभळी, जिची तुझी दुपटी केली.

आणि तुला लाज कशाची वाटायची? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा बाबांनी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला होता, आठवतं? १३व्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते आपल्याच जिल्ह्यात, रिद्धपूरला, आता मराठीचं विद्यापीठ पण तिथंच झालंय. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जिथं तयार झाला तिथली मुलगी तू, आणि एका प्रश्नाला लोक हसले म्हणून गप्प बसतेस. शिकायला गेलीस ना तिथं? फी कशी भरतोय ते तुला माहीत आहे. प्रश्न नाही विचारायचा तर मग

सॉरी. फीचं काढायचं नव्हतं. तू मागितलं म्हणून नाही, आम्हाला हौस होती म्हणून पाठवलंय, आणि परत संधी मिळाली तर परत पाठवू. खोडत नाही कारण खोडलं तर तू विचारशील काय खोडलंस.

आणखी एक, ते प्रेझेंटेशनचं. स्लाइड सगळ्या तू केल्यास आणि बोलायला पेठेतली उभी राहिली, कारण "तिचं मराठी-इंग्लिश दोन्ही क्लिअर आहे". तू म्हणालीस मलाच नको होतं. खरंच नको होतं का? नको असेल तर माझं काही म्हणणं नाही, सगळ्यांना माईक आवडतोच असं नाही. पण तू तर गणपतीत शेवटपर्यंत माईक सोडायची नाहीस, मंडळाच्या पोट्ट्यांनी वायर काढली होती तुझी. म्हणून विचारलं. पुढच्या वेळी निदान दोन स्लाइड तू बोल. अडखळलीस तरी चालेल, वऱ्हाडीत अडखळ, इंग्लिशमध्ये अडखळ. त्या तिघींना पहिल्या बाकावर बसव, त्या हसल्या तरी तुला धीर येईल.

आजी फोनवर म्हणाली नाही पण नंतर म्हणाली, "पोट्टी आता पुण्यासारखी बोलते, बरं हाये, पण मले फोनवर पटकन समजत नाही." तिच्याशी जरा हळू बोल. तुझी भाषा बदलली म्हणून तिला काही वाईट वाटलेलं नाही, ऐकू कमी येतंय तिला, डाव्या कानाचं अकोल्याला दाखवायचंय पण बंटीच्या साखरपुड्यानंतर म्हणते.

मी पत्र लिहितेय कळल्यावर बाबा आले आणि म्हणाले हे पण लिही, पोरीला सरांना विचारायला सांग. तीन फेजच्या चालू मोटारीचा एक फेज गेला तर मोटार कमी लोडवर फिरत राहते, गरम होते पण फिरते. तीच एकदा बंद करून परत चालू केली तर उठत नाही, जागेवर गुरगुरते आणि वेळेत बंद नाही केली तर जळते. आठवड्याला अशी एक तरी जळकी मोटार दुकानात येते, शेतकरी विचारतात फिरत होती ती आता का नाही फिरत, आणि बाबा त्यांना फक्त इतकंच सांगू शकतात की असंच होतं. चालू असलेली फिरते आणि थांबलेली उठत नाही, यामागचं पुस्तकातलं कारण त्यांना पाहिजे. गुगल नको म्हणाले, सरांच्या तोंडून पाहिजे, आणि काही नाही कळलं तर तिथल्या तिथं परत विचार म्हणाले. कसं विचारायचं ते तुझं तू ठरव, काऊन म्हण नाहीतर का म्हण. बुधवारी लॅब असते ना? रात्री फोन कर, बाबा दुकान लवकर बंद करतायत.

तुझी,
मम्मी