क्लास की शिकवणी : तळजाईवरच्या काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,
सविनय नमस्कार.

तळजाई टेकडीवर समोरासमोर आभार मानू लागले की आपण ‘चला, पाय उचला’ म्हणत पुढे निघता, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. शिवाय गुलमर्गहून परतल्यापासून आमच्या सोसायटीतील तीन कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : स्कीइंग शिकायला स्वतंत्र प्रशिक्षक घ्यावा की गटात शिकावे? त्यांनाही उत्तर यातच मिळेल.

डिसेंबरात आपल्याकडे आले तेव्हा माझा निर्णय जवळजवळ झालेला होता. आम्हाला मिळालेल्या दरपत्रकात स्वतंत्र शिकवणीची फी प्रशिक्षकाच्या दिवसावर होती, माणशी नव्हती. तेव्हा चौघांत मिळून एकच प्रशिक्षक घेतला की खर्च गटाच्या फीच्या आसपास येतो, असा माझा हिशेब होता आणि बँकेत बावीस वर्षे काढलेल्या बाईला तो बिनचूक वाटणे साहजिक होते. आपण तो कागद बाजूला सारून एवढेच विचारलेत, “चौघांत घाबरतं कोण?” मी गप्प राहिले. सिंहगड उतरताना घोटा मोडल्यापासून उतार दिसला तरी माझे पाय आखडतात, हे आपल्याला ठाऊक होतेच.

वेगवेगळ्या कुवतीची चार माणसे एका प्रशिक्षकापुढे उभी केली तर ती शिकवणी न राहता लहानसा क्लासच होतो आणि प्रशिक्षक सर्वांत मागे पडलेल्यापाशी अडकतो, हे आपण समजावलेत. दहावीच्या मुलासाठी क्लास की घरची शिकवणी यावर आपण पुणेकर महिनोन्‌महिने खल करतो, पण त्या पोराचे नेमके कुठे अडते हे विचारायचे राहून जाते, असा टोमणाही मारलात. मग मुले आणि त्यांचे बाबा गटात, मी पहिल्या दोन सकाळी स्वतंत्र प्रशिक्षकाकडे आणि तिसऱ्या दिवसापासून गटात, अशी विभागणी आपणच करून दिलीत.

त्या दोन सकाळी मी जन्मभर विसरणार नाही. पहिला तासभर प्रशिक्षकाने मला उतारावर नेलेच नाही. एकाच पायात स्की घालून सपाट बर्फावर चालवले, आडवे पाय टाकत चढवले आणि मुद्दाम कुशीवर पडून उठायला लावले. त्यानंतर स्कींची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवून वेग कसा कमी करायचा हे शिकवताना, मी घाबरून अंग मागे टाकते आणि म्हणूनच स्की हाताबाहेर जातात, ही माझी खोड त्याने दहा मिनिटांत पकडली. सात जणांच्या गटात ती इतक्या लवकर कोणाच्या नजरेस पडली असती, असे मला वाटत नाही. मात्र सतत आपल्यावरच लक्ष असल्याने दम खाण्याची उसंतही मिळत नाही, आणि सुमारे २,६५० मीटर उंचीवर धाप लवकर लागते; अकरा वाजता मी बर्फातच बसकण मारली.

गटात नेमके उलटे घडले. आपली पाळी येईपर्यंत श्वास घेता येतो आणि पुढच्याचे पडणे पाहून आपणही काही शिकतो. चिरंजीवांना तर ईर्षेनेच पाय फुटले. कन्या गटात सहज रमेल हा आपला अंदाज मात्र चुकला, हे प्रांजळपणे सांगते : पहिला संपूर्ण दिवस ती माझ्यासाठी रडली. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या एका मुलीशी गट्टी जमल्यावर तिने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही.

‘एका प्रशिक्षकामागे किती शिकणारे आणि तो कोणत्या भाषेत शिकवतो, हे लेखी घ्या’ ही आपली सूचना सर्वांत कामाची ठरली. एका ठिकाणी तोंडी सहा सांगितले होते. लेखी मागताच आकडा अकरावर गेला, आणि आम्ही दुसरीकडे नाव नोंदवले.

स्वतंत्र प्रशिक्षक सोबत आहे म्हणून केबल कारने वर अफरवट पर्वतापर्यंत जाण्याचा मोह धरू नका, असेही आपण बजावले होते. दुसऱ्या टप्प्यावरचे, सुमारे ३,९०० मीटरवरचे उतार नवशिक्यांचे नव्हेत आणि तिथे हिमस्खलनाचा धोका असतो, हे आमच्या ह्यांना माझ्या तोंडून पटले नसते. आपले नाव सांगताच मुकाट्याने पटले.

शेवटच्या दिवशी मी खालच्या उतारावरून न पडता, स्वतःच्या पायांवर थांबत खाली आले. तो व्हिडिओ आपण पाहिलात आणि ‘गुडघे अजून वाकवा’ एवढेच म्हणालात. आपण दिलेले लोकरीचे हातमोजे धुऊन, वाळवून ठेवले आहेत; रविवारी टेकडीवर घेऊन येते.

आपली कृतज्ञ,
सहकारनगरची शेजारीण