नारळीकर पोस्टकार्डापुरते नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला डॉ. जयंत नारळीकरांवरचा जयंतीनिमित्तचा लेख वाचला. छायाचित्र सुरेख, जागाही भरपूर. पण अर्धाअधिक मजकूर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते पोस्टकार्डावर उत्तरे कशी पाठवत, यातच संपला. प्रसंग गोड आहे, खोटाही नाही. पण किती वेळा? उरलेल्या जागेत विज्ञानकथा, केंब्रिज आणि पद्मविभूषण. संशोधनाच्या वाट्याला चार ओळी आल्या, त्यातली एक धडधडीत चूक : ‘महास्फोट सिद्धान्त त्यांनी खोडून काढला.’

नाही हो, खोडला नाही. १९६४ मध्ये केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि नारळीकरांनी गुरुत्वाकर्षणाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात कुठल्याही वस्तूचे वस्तुमान विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तूंमुळे ठरते, हा भौतिकशास्त्रज्ञ माखचा विचार गणितात बसवला होता. दोघेही महास्फोटाऐवजी स्थिर विश्वाची कल्पना मानत : विश्वाला सुरुवात नाही, ते प्रसरत असले तरी एकंदरीत कायम सारखेच दिसते. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, महास्फोटाची उरलेली ऊब मानले जाणारे वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारण सापडले आणि बहुतेकांनी ही कल्पना सोडून दिली. नारळीकरांनी सोडली नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी तिची सुधारित आवृत्ती मांडली; तीही फारशी कुणी स्वीकारली नाही. एवढे सरळ लिहिले असते तर त्यांचा काय अपमान झाला असता? महास्फोट मानणारी मंडळी त्यांनीच पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्रात निर्धास्त काम करत होती, ही बातमी त्याहून मोठी आहे.

आयुकाचा उल्लेख आपण ‘पुण्यात एक संस्था स्थापन केली’ असा उरकला आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचे दार गावोगावच्या विद्यापीठ-कॉलेजांतल्या शिक्षकांना उघडे होते, हेच तिचे वैशिष्ट्य. हे मी ऐकीव सांगत नाही. नव्वदच्या दशकात मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. आमच्या ग्रंथालयात खगोलशास्त्राचे एकही संशोधन नियतकालिक येत नसे. आयुकाच्या कार्यशाळेचे निवडपत्र आले आणि मी ड्यूटी लिव्हचा अर्ज केला. प्राचार्यांनी शेरा मारला : ‘विषय अभ्यासक्रमात नाही.’ बडे बाबू तर जवळ बोलावून समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘सर, पुण्याले पोरीकडे चालले असान तं तसंच लिवा ना, विश्वाले कायले मधात आणता?’ माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, नागपुरातच. शेवटी अर्धवेतनी रजा टाकून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गेलो. तिथे नियतकालिकांचे खंडच्या खंड रॅकवर, हवा तो काढून वाचा; झेरॉक्सचे गठ्ठे पिशवीत कोंबून आणले. जेवणाच्या टेबलावर स्वतः नारळीकर समोर येऊन बसले आणि ‘नागपूरला बीएस्सीला तुम्ही सापेक्षता कुठवर शिकवता?’ असे विचारले. आमच्या प्राचार्यांनी उभ्या नोकरीत हा प्रश्न मला विचारला नाही. ती कापलेली रजा माझ्या सर्व्हिस बुकात अजून तशीच आहे.

असो. प्रभावच मोजायचा तर पाहा : खगोलभौतिकीतले थाणू पद्मनाभन आणि अजित केंभावी हे त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी. गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांचा, क्षीण संकेत गोंधळातून वेगळा कसा काढायचा, यावर संजीव धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी नव्वदीच्या सुरुवातीला आयुकातच काम केले, तेव्हा या विषयाला विचारणारे फार नव्हते. २०१५ मध्ये त्या लहरी खरोखर सापडल्या. आता त्या टिपणाऱ्या लायगो प्रकल्पाची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे आमच्या वाशिमच्या शेजारी होते आहे. आपल्या पत्राने ती बातमी जमिनीच्या भावांसकट छापली होती. तिचा या माणसाशी काही संबंध असेल, हे कालच्या लेखकाला सुचलेही नाही.

आणखी एक. हा लेख संपतो तिथेच, अगदी खाली चिकटून, ‘आजचे राशिभविष्य’. नारळीकरांनी २००८ मध्ये सहकाऱ्यांसोबत ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली होती. कुंडली हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढेच ओळखायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणे उडवले असते तर थोडी जास्त बरोबर आली असती. भविष्य छापणे हा आपला धंदा आहे, समजू शकतो. पण निदान त्या एका दिवशी ते पान सातवर ढकलता आले नसते? काल माझ्या राशीला ‘वाद टाळा’ असे होते.

पत्र लांबले आहे, याची कल्पना आहे. कापायचेच झाल्यास रजेचा भाग कापावा, १९६४ आणि १९९३ चा नको. मागे पाणीपट्टीवरच्या माझ्या पत्रातले सगळे आकडे काढून आपण फक्त ‘नागरिक त्रस्त आहेत’ एवढेच छापले होते.

– एक निवृत्त प्राध्यापक, प्रतापनगर, नागपूर