किनाऱ्यावरची थंडी

कारवार,
१८ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईने फोनवर विचारले होते, की बदलीच्या गावी बोलायला कोणी आहे की नाही. त्या वेळी घाईत नुसते 'आहे' म्हणाले. आज सविस्तर लिहिते.

आपल्याकडे खानापुरात गवे रात्री कोणाच्या भातात उतरले, ही बातमी बाबांना जशी सकाळच्या चहाआधी मारुतीच्या देवळापाशी मिळते, तशी इथे समुद्राची बातमी मासळीच्या पाटीबरोबर दारात येते. मासळीवाली मावशी कोकणीत सांगते, समोरचे निवृत्त गुरुजी कन्नडमध्ये उलटतपासणी घेतात आणि मी दोघांशीही मराठीत बोलते. आजवर कोणाचे कुठे अडलेले नाही. रांपणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणारे एक काका दर आठवड्याला देवमासा पाहतात. त्यातले बहुतेक देवमासे गुरुजींनी काळी नदीच्या मुखाशी येणाऱ्या डॉल्फिनच्या खात्यात जमा केले आहेत, कारण त्या जातीच्या पाठीवर उंचवटा असतो आणि तो एवढासा वर आला तरी काकांना पुरतो.

डिसेंबरभर चर्चा कुरवांची, म्हणजे थंडीत येणाऱ्या समुद्रपक्ष्यांची, होती. गुरुजींनी मला दुर्बीण देऊन एकच पक्षी दहा मिनिटे पाहायला लावला: डोके पांढरे, आणि डोळ्यामागे शाईचा थेंब टिपून राहावा तसा काळपट ठिपका. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर तेच डोके कॉफीसारखे तपकिरी होऊ लागले, की पाहुणे परतीच्या तयारीला लागले असे समजायचे. लडाख आणि तिबेटच्या पठारांवरील तळ्यांकाठी त्यांची वीण होते. त्यांच्या मानाने माझी बदली अगदीच जवळ झाली म्हणायची!

आता एक चूक कबूल करायची आहे. १४ डिसेंबरच्या पहाटे मावशीने मला मुद्दाम उठवून वाळूवर नेले. ट्रॅक्टरचे चाक फिरावे तसा एक रुंद पट्टा भरतीच्या रेषेपासून वर गेला होता आणि शेजारून तसाच दुसरा खाली उतरला होता. रात्री ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी घालून परतली होती. एका खेपेला ती शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू मागच्या पायांनी लोटून खड्डा बुजवते आणि पुन्हा मागे वळून पाहत नाही. मी हरखून गेले आणि फोटो, जागेच्या खुणेसकट, गल्लीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. दुपारपर्यंत तिथे पन्नासएक माणसे जमली. एकाने तर काठीने वाळू उकरायला सुरुवात केली होती. काकांनी त्याला हटकले आणि संध्याकाळी वनखात्याच्या माणसांनी जाळी लावली, म्हणून निभावले. मावशी मला एका शब्दानेही बोलली नाही. मात्र पुढचे दोन दिवस तिने दारात मासळी ठेवली आणि बातमी न सांगता निघून गेली. तिसऱ्या दिवशी मीच तिच्या घरी गेले. आता आमच्यात ठरले आहे, की पक्षी कुठे दिसला ते खुशाल सांगावे, पण घरट्याची जागा ज्याला राखण करायची आहे त्यालाच सांगावी.

रात्रीची पाळी आम्ही वाटून घेतली आहे. कुत्री आणि कोल्हे अंड्यांचा वास काढत येतात, त्यामुळे जाळीपाशी कोणीतरी असलेले बरे. माझी पाळी गुरुवारी असते आणि मावशी सोबतीला येते. वाळू किती तापते यावर पिल्ले नर होणार की मादी हे ठरते, असे गुरुजींनी सांगितल्यापासून ती रोज दुपारी वाळूवर तळहात टेकून पाहते आणि "चेडवांच जातलीं," असा निकाल देते. ऊबदार वाळूत माद्या जास्त होतात हे खरेच आहे, तेव्हा तिला खोडून कोण काढणार?

अंडी फुटायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे २८ जानेवारीपासून १२ फेब्रुवारीपर्यंत कधीही पिल्ले बाहेर येतील. तेवढे दिवस तुम्ही दोघांनी इथे यावे, अशी माझी इच्छा आहे. बाबांच्या गुडघ्यांची काळजी नको, वाळू घरापासून जेमतेम दोनशे पावलांवर आहे आणि गुरुजी खुर्ची देणार आहेत. आईने मावशीसाठी बेळगावचा कुंदा आणावा. बाबांनी मात्र ती तीन सेलची बॅटरी घरीच ठेवावी. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि समुद्र सोडून बॅटरीच्या मागे लागतात.

आपली लाडकी,
थोरली