दाबाची नथ

पुणे, रविवार

प्रिय सुमे,

तुझा फोटो पोचला. शिवलेली नऊवारी, दाबाची नथ, मागे मंडळाचा गणपती. खाली तू लिहिलंयस, ‘ऑफिसातल्यांना मी आज पहिल्यांदा खरी भारतीय वाटले.’ हसावं की चिडावं कळेना, म्हणून उत्तर राहिलं. मधे बंगळूरला जाऊन आले. तिथे पुष्पमाला एन. यांची छायाचित्रं पाहिली आणि तू आठवलीस.

बाई मूळच्या शिल्पकार, बडोद्याला शिकलेल्या. नव्वदच्या दशकात त्यांनी स्वतःलाच नटवून कॅमेऱ्यासमोर उभं करायला सुरुवात केली. २००० ते २००४ या काळात क्लेअर आर्नी या छायाचित्रकार बाईंसोबत त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ ही मालिका केली. बाई म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जी ठरलेली चित्रं येतात, ती एकेक उचलायची आणि त्यात आपण शिरायचं. विजापूरच्या जुन्या चित्रातली योगिनी, वेलंकणीच्या चर्चमधली मेरी माता, पेपरात छापलेल्या, पोलिसांनी पकडलेल्या बायका. आणि रविवर्म्याची लक्ष्मी! चार हातांतले दोन बाईंचे, दोन बनवलेले.

अगं, हीच लक्ष्मी आजीच्या देवघरात होती. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. लोणावळा लोकलने आपण कितीदा ते स्टेशन ओलांडलं, पण देवीचा चेहरा एवढ्या जवळ छापला जात होता हे डोक्यातच आलं नाही. मी लहानपणी त्या चेहऱ्याला नमस्कार करायचे आणि मग आरशात स्वतःचं नाक बघायचे.

एका फोटोशी मात्र अडले. इंग्रज अधिकारी ‘जातीजमातींची’ मापं घ्यायला माणसांना चौकटी आखलेल्या पडद्यासमोर उभं करत. तशाच पडद्यापुढे बाई तोडा या आदिवासी जमातीतली स्त्री होऊन उभ्या आहेत. मापणाऱ्याची खोड त्यात बरोबर पकडलीय. पण निलगिरीतली तोडा बाई इथेही गप्पच आहे, नाही का? शहरातली शिकलेली बाई तो वेश उतरवून घरी जाऊ शकते. पडद्यापुढच्या मूळ बाईला ते कुठून जमणार? मला हे अजून पटलेलं नाही. तू असतीस तर तिथेच भांडलो असतो.

माझा ‘दाखवायचा’ फोटो आठवतो? स्टुडिओत मागे रंगवलेली बाग, पुढे माझ्या हातात प्लॅस्टिकचा गुलाब. ‘मान जरा तिरकी, ताई. हसू नका, नुसतं हसल्यासारखं करा.’ आईने त्याच्या बारा प्रती काढल्या होत्या. सुशील, गृहकृत्यदक्ष वगैरे. त्यातली एकही मी नव्हते, पण बाराही जणी माझ्यासारख्या दिसत होत्या.

या मालिकेत मला सगळ्यात आवडला तो तयारीच्या फोटोंचा भाग. रंगवलेले पडदे, सामान, पोशाखाची जुळवाजुळव, सगळं उघडं. एकदा ते पाहिलं की पुढची लक्ष्मी पुन्हा नुसती लक्ष्मी राहत नाही.

काकूंचा गुडघा आता बरा आहे, जिना चढतात. तुझा फोटो त्यांनी फ्रिजवर लावलाय.

मला मात्र दुसरा पाठव. पार्किंगमधे गाडीत बसून नथ काढताना कुणी टिपला असेल तर तो.

तुझी,
नंदू