नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३ ऑगस्टला भारतीय अवयवदान दिन येतो तेव्हा दात्यांचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. मिळालेली किडनी पुढे वर्षानुवर्षे टिकावी म्हणून काय करावे लागते, याबद्दल मात्र फार थोडे छापून येते. बडोद्यात प्रत्यारोपणानंतरच्या रुग्णांच्या तपासण्यांचे काम पाहणारे आम्ही काही जण हे लिहीत आहोत. ज्यांचे शरीर नवी किडनी नाकारण्याचा धोका जास्त असतो, ते रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसे आमच्या डोळ्यांपुढे आहेत.

हा धोका कोणाला? ज्यांचे आधी एकदा प्रत्यारोपण झाले आहे, डायलिसिसच्या काळात ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागले, आणि ज्या स्त्रियांना मुले झाली आहेत त्यांना. या शेवटच्या गटाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. गरोदरपणात बाळाच्या पेशींवरच्या, वडिलांकडून आलेल्या एचएलए खुणांची (शरीर आपले-परके ज्यांवरून ओळखते त्या) आईच्या शरीराला ओळख होते आणि त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात. त्यामुळे पतीची किडनी पत्नीला किंवा मुलाची आईला बसवली, तर क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते पाहणारी चाचणी) निगेटिव्ह येऊनही ही जुनी ओळख पहिल्या काही आठवड्यांत उफाळू शकते. प्लाझ्माफेरेसिस करून (यंत्राने रक्तातला द्रव भाग वेगळा काढून) आधी अँटिबॉडी उतरवाव्या लागलेले रुग्णही याच यादीत येतात.

अशा रुग्णांचे फक्त क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याचे प्रमाण, पाहून भागत नाही. ते वाढते तोवर किडनीला इजा होऊन गेलेली असते. शिवाय रिपोर्टवर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा त्यांच्या कामाची नाही. ०.८ वर स्थिर असलेल्या बाईंचे क्रिएटिनिन १.१ झाले, तर कागदावर कुठलीही खूण उमटत नाही, पण वाढ ३५ टक्क्यांहून जास्त असते. स्वतःच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २०-२५ टक्के वाढ दिसली की पुढच्या तारखेची वाट पाहू नये, लगेच डॉक्टरांना कळवावे. ताप येईल, किडनीची जागा दुखेल, लघवी कमी होईल, मग बघू, असेही म्हणू नये. हल्लीच्या औषधांवर असताना रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणे, बहुधा काहीच न जाणवता सुरू होते.

सगळ्यांत जास्त घोळ होतो तो टॅक्रोलिमस या रिजेक्शन रोखणाऱ्या मुख्य औषधाच्या लेव्हलमध्ये, म्हणजे रक्तातल्या प्रमाणात. ही तपासणी रात्रीच्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी करायची असते. रात्री ९ ला गोळी घेतली असेल तर रक्त सकाळी ९ ला द्यायचे, गोळी खिशात न्यायची आणि रक्त दिल्यावर घ्यायची. गोळी घेऊन मग रक्त दिले, तर औषध रक्तात सर्वांत जास्त असतानाचा आकडा येतो. तो पाहून डोस कमी केला जातो आणि ज्याला संरक्षण सर्वांत जास्त हवे, त्याचेच कमी होते. म्हणून प्रत्येक लॅबने शेवटच्या डोसची वेळ विचारून रिपोर्टवर छापावी, ही आमची मागणी आहे. नमुना ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) जांभळ्या बुचाच्या नळीतच हवा, कारण हे औषध मुख्यतः लाल पेशींत असते. लॅब शक्यतो बदलू नये. लेव्हल मोजण्याच्या दोन पद्धतींपैकी इम्युनोअसेचा आकडा मास स्पेक्ट्रोमेट्रीपेक्षा बरेचदा जास्त येतो, आणि बदल औषधात झाला की यंत्रात, हे मग कळत नाही.

पहिल्या काही महिन्यांत बहुतेक केंद्रे ही लेव्हल दर मिलिलिटरला ८ ते १२ नॅनोग्रॅमच्या आसपास ठेवतात आणि पुढे हळूहळू उतरवतात. जास्त धोक्याच्या रुग्णात ती ५ च्या खाली जाऊ देऊ नये. एकदा ४, एकदा १३ असे हेलकावेही घातक, त्यातून नव्या अँटिबॉडी तयार होतात. कारणे रोजच्या जगण्यातलीच असतात. नवरात्रात गरब्याला गेल्यावर रात्रीचा डोस मध्यरात्रीवर जातो. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहत गोळी मागे राहते. ती ठरल्या वेळी पाण्याबरोबर घ्यावी, आणि निर्जळी उपवास तर करूच नये. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर आठवड्याभरात लेव्हल पुन्हा पाहावी. क्लॅरिथ्रोमायसिन (अँटिबायोटिक), फ्लुकोनाझोल (बुरशीवरचे औषध), डिल्टियाझेम (रक्तदाबाचे औषध) यांनी लेव्हल चढते, फेनिटॉइनने (फिट्सचे औषध) उतरते. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झाले तर ती इतकी कोसळते की डोस कित्येक पट वाढवावा लागतो, त्यामुळे टीबीचे डॉक्टर आणि किडनीचे डॉक्टर यांचे बोलणे पहिल्या गोळीआधी झाले पाहिजे. जुलाबात औषध वाहून जाते असा समज आहे. टॅक्रोलिमसच्या बाबतीत उलट घडते, लेव्हल वाढते. जुलाब होतात म्हणून मायकोफिनोलेट हे रिजेक्शन रोखणारे दुसरे औषध स्वतःच्या मनाने बंद करणे हे तर रिजेक्शनला आमंत्रण आहे.

दात्याविरुद्धच्या अँटिबॉडीची म्हणजे डीएसएची तपासणी महाग आहे, म्हणून ती टाळली जाते. ट्रान्सप्लांटेशन सोसायटी या प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनात जास्त धोक्याच्या रुग्णांसाठी पहिल्या ३ महिन्यांत डीएसए आणि ठरवून केलेली बायोप्सी (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे), दोन्ही सुचवली आहेत. औषध कमी केले, डोस चुकले किंवा उपचाराचे केंद्र बदलले, तरी डीएसए पुन्हा पाहायची असते. ती एकाच लॅबमध्ये करावी आणि एका एमएफआय (अँटिबॉडीचा जोर दाखवणाऱ्या) आकड्यापेक्षा चढउतार बघावा. लघवीतील प्रोटीन-क्रिएटिनिन प्रमाण ही तपासणी स्वस्त आहे, ती दर ३ महिन्यांनी व्हावीच.

बायोप्सीची भीती समजण्यासारखी आहे, पण तिला पर्याय नाही. क्रिएटिनिन रिजेक्शनने वाढते तसे प्रतिकारशक्ती दबल्यावर किडनीत डोके वर काढणाऱ्या बीके विषाणूनेही वाढते. पहिल्यात औषधे वाढवायची, दुसऱ्यात कमी करायची. अंदाजाने उपचार केले तर किडनी जाऊ शकते. म्हणून पहिले सहा ते नऊ महिने बीकेची रक्ततपासणी दर महिन्याला, आणि शंका आली की बायोप्सी. बसवलेली किडनी ओटीपोटात त्वचेजवळच असते, सोनोग्राफीत बघत, जागा बधिर करून सुई घालतात आणि नंतर साधारण ६ तास पडून राहावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगावे. नमुन्यात किमान १० ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे बारीक गुच्छ) आणि २ धमन्या हव्यात व सी४डी (अँटिबॉडीच्या हल्ल्याची खूण) तपासलेले असावे. रिपोर्टमध्ये हे नसेल तर नातेवाइकांनी विचारावे.

बडोद्याचे अनेक रुग्ण प्रत्यारोपणासाठी नडियादला किंवा अहमदाबादला जातात आणि पुढच्या तपासण्या इथे करतात. इथल्या डॉक्टरांच्या हातात मात्र बरेचदा फक्त औषधांची यादी पडते. डिस्चार्जबरोबर एक वेगळे पान द्यायला हवे. दात्याचे नाते, एचएलए जुळणी, क्रॉसमॅच आणि आधीची डीएसए, सुरुवातीला प्रतिकारशक्ती दाबायला एटीजी दिले की बॅसिलिक्सिमॅब, घरी जातानाचे क्रिएटिनिन, अपेक्षित टॅक्रोलिमस लेव्हल, आणि पहिल्या वर्षातल्या डीएसए, बीके व बायोप्सीच्या तारखा त्यावर असाव्यात. सरकारी आरोग्य योजनांच्या पॅकेजमध्येही या वर्षभराच्या तपासण्या नावानिशी लिहिल्या जाव्यात. असे पान मिळाले नसेल, तर पुढच्या भेटीत ते प्रत्यारोपण केंद्राकडून मागून घ्यावे आणि त्याची एक प्रत फाइलमध्ये सर्वांत वर लावावी.

आपले,
प्रत्यारोपण समन्वयक व सहकारी,
दांडिया बाजार, बडोदा